तोडू नकोस, तयारी कर

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मुलाखत पूर्ण पाहिली. बारा मिनिटांत पाहुण्याला अकरा वेळा तोडलंस आणि तरीही तो हसत सुटला. आवाज तुझा उत्तम आहे. बहुधा अडचण तीच आहे.

टिम रसर्टच्या जुन्या मुलाखती शोधून बघ. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'मीट द प्रेस' हा राजकीय मुलाखतींचा कार्यक्रम चालवायचा. जन्म १९५०चा, बफेलो शहरातला. वडील दिवसा सफाई खात्यात, रात्री वर्तमानपत्रांच्या गाडीवर. पोरगं वर्गात फार चुळबुळायचं, म्हणून सातवीत सिस्टर ल्युसिल यांनी शाळेचं वर्तमानपत्र काढून त्यालाच संपादक केलं! पुढे वकिलीची पदवी, आणि मग पत्रकारितेऐवजी राजकारण: आधी सिनेटर मॉयनिहन, मग गव्हर्नर क्युओमो यांच्याकडे नोकरी. हार्वर्डवाल्यांच्या घोळक्यात तो बुजला, तेव्हा मॉयनिहननी समजावलं, त्यांना येतं ते तू शिकशील; तुला ठाऊक आहे ते त्यांना शिकता येणार नाही.

१९८४मध्ये तो एनबीसीत आला, तोही पडद्यामागे. नोव्हेंबर १९९१मध्ये 'मीट द प्रेस'वर डेव्हिड ड्यूक आला. एकेकाळचा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेचा पुढारी, आता लुइझियानाच्या गव्हर्नरपदाचा उमेदवार. वंशद्वेषावरची उत्तरं त्याला पाठ होती. पॅनेलवर बसलेल्या रसर्टनं रोजगाराची गोष्ट काढली आणि शांतपणे विचारलं, तुमच्या राज्यात सर्वाधिक लोकांना काम देणारे तीन मोठे कारखानदार कोण? ड्यूकला नावं सांगता आली नाहीत. त्या प्रश्नात एकही विशेषण नव्हतं, बघ. पण तो सुचायला आदल्या रात्री लुइझियानाचे कारखाने माहीत करून घ्यावे लागतात. डिसेंबरात कार्यक्रम रसर्टच्या हाती आला, तो २००८मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत. पाहुण्याचंच जुनं विधान पडद्यावर दाखवायचं आणि गप्प बसायचं, ही त्याची खास रीत. (२०००च्या निवडणुकीच्या रात्री महागड्या ग्राफिक्सपेक्षा लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा छोटा पांढरा फळा. त्यावर तीनदा 'फ्लोरिडा', कारण निकाल त्याच राज्यावर अडला होता.)

मात्र त्याची पूजा करू नकोस. २००७मध्ये एका खटल्यात उपाध्यक्ष चेनी यांच्या माजी प्रसिद्धी अधिकारी बाईंनी साक्ष दिली, की आपलं म्हणणं आपल्या ताब्यात ठेवून मांडायला 'मीट द प्रेस' आम्हाला सोयीचं वाटे. कडक प्रश्नांसाठी नावाजलेल्या माणसाचा कार्यक्रम! राजकारणाच्या आतून आलेल्याचा फोन आतली माणसं चटकन उचलतात. त्या फोनची किंमत कुठे चुकवावी लागते, यावर मी अजून विचार करतोय.

पुढची मुलाखत पाठवशील तेव्हा प्रश्नांची वहीही पाठव. खोडलेल्या प्रश्नांसकट.

तुझा,
काका