भार नसतानाही स्ट्रेन दिसतो, तो कशाचा?

प्रश्न : पोलादी तुळईवर फायबर ब्रॅग ग्रेटिंग (ताण किंवा तापमान बदलले की परावर्तित प्रकाशाची तरंगलांबी बदलणारा काचतंतूतला संवेदक) चिकटवली आहे. भार नसतानाही सकाळपासून दुपारपर्यंत तरंगलांबी १९० पिकोमीटरने वाढते. तेवढ्यात तापमान साधारण ८ अंशांनी चढते. शिवाय परावर्तित प्रकाशाच्या एका शिखराची चिकटवल्यावर दोन झाली. ग्रेटिंग खराब आहे का?

उत्तर : ग्रेटिंग बहुधा शाबूत आहे. १५५० नॅनोमीटरच्या आसपास सुटी ग्रेटिंग दर अंश सेल्सिअसला सुमारे १० पिकोमीटर सरकते. पोलादावर चिकटवली की आणखी एक भर पडते. पोलाद दर अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेन म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल, मायक्रोस्ट्रेन त्याचा दहा लाखावा भाग) प्रसरण पावते, फायबरची काच जेमतेम अर्धा मायक्रोस्ट्रेन. त्यामुळे पोलाद काचेला ओढते. एका मायक्रोस्ट्रेनला १.२ पिकोमीटर धरले तर ही ओढ १४ पिकोमीटरची. म्हणजे अंशाला २४ आणि ८ अंशांना १९२. तुमचे जवळजवळ सगळे वाचन तापमानाचेच आहे.

तापमानाचा भाग वजा करण्यासाठी त्याच पोलादाची छोटी पट्टी घ्या आणि तिच्यावर त्याच चिकटद्रव्याने दुसरी ग्रेटिंग बसवा. पट्टी तुळईला लागूनच ठेवा, मध्ये उष्णतावाहक पेस्ट लावा, पण एकाच टोकाला धरा. तुळईचा ताण तिच्यात शिरता कामा नये. दोन्ही ग्रेटिंगच्या सरकण्यातला फरक भागिले १.२, हा भारामुळे आलेला स्ट्रेन. एक ऊन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर ही वजाबाकी फसवते. दोन्ही एकाच फायबरवर असतील तर त्यांच्या तरंगलांबींत ५ नॅनोमीटर अंतर ठेवा. १५०० मायक्रोस्ट्रेनलाच शिखर १.८ नॅनोमीटर सरकते.

शिखर दुभंगण्याचा दोष मात्र चिकटवण्यात आहे. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला किंवा मध्ये हवेचा बुडबुडा राहिला, की ग्रेटिंगच्या लांबीभर ताण सारखा राहत नाही. सुकताना आकसणारा जाड थर फायबरला बाजूनेही दाबतो, मग प्रकाशाच्या दोन ध्रुवणदिशांची शिखरे वेगळी होतात. पृष्ठभाग बारीक पॉलिशपेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, फायबर हलक्या ताणात धरून इपॉक्सीचा पातळ, सलग थर द्या आणि तो ग्रेटिंगच्या दोन्ही टोकांपुढे १५-२० मिलिमीटर न्या. सुकत असताना शिखर पडद्यावर पाहत राहा. वेल्ड किंवा छिद्राजवळ १० मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरची ग्रेटिंग बरी. फायबरवरचे आवरण पॉलिइमाइडचेच घ्या. अ‍ॅक्रिलेटचे आवरण मऊ असल्याने दीर्घकाळ ताणाखाली सरकत राहते आणि वाचन हळूहळू कमी होत जाते.