ईसीटीसाठी उंदरांवरच्या शॉकचे पेपर वाचायला घेतलेस? आधी एवढंच बघ

ईसीटी म्हणजे नैराश्यात डोक्याला करंट देऊन मुद्दाम फिट आणायचा उपचार, आणि हे पेपर त्याचेच उंदरांवरचे प्रयोग. अरे घाबरू नकोस, मी पण सुरुवातीला रिसेप्टरांच्या (मेंदूतल्या पेशींवरचे, रासायनिक संदेश पकडणारे रेणू) नावांतच बुडालो होतो. ती यादी पाठ करत बसू नको.

१. शॉक एकदाच दिलाय की बरेच दिवस वारंवार? एका झटक्यात जे दिसतं ते बरंचसं फिटचंच तात्पुरतं असतं, उपचाराशी तुलना करायची तर वारंवारवालाच बघ.
२. शेवटच्या शॉकनंतर मेंदू कधी काढला? तासाभराने आणि २४ तासांनी आकडे वेगळे येऊ शकतात, नवीन लोक इथेच फसतात.
३. शॅम ग्रुप आहे का, म्हणजे क्लिप लावल्या पण करंट नाही. उंदराला नुसतं पकडलं तरी ताण येतो ना!

आणि ईसीटी म्हणजे जोरदार अँटीडिप्रेसंट (नैराश्यावरची) गोळी असं धरून चालू नको, कारण बीटा रिसेप्टर (नॉरअॅड्रेनलिनचे) दोन्हींनी कमी होतात पण सिरोटोनिनचे ५-एचटी२ए रिसेप्टर बऱ्याच गोळ्यांनी कमी आणि उंदरांत शॉकने चक्क वाढतात, माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग हाच. वारंवार शॉक दिल्यावर हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) बीडीएनएफचा, म्हणजे चेतापेशी वाढवणाऱ्या प्रथिनाचा, एमआरएनए (ते प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप) वाढतो हे १९९५ ला आलं, तिथून सुरुवात कर. एपिजेनेटिक्स (जनुकं चालू-बंद कशी होतात ते) वगैरे सध्या राहू दे.