चाळिशीनंतर परकी भाषा शिकताना कान मागे का राहतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय त्रेचाळीस, जर्मन शिकायला घेऊन आठ महिने झाले, व्याकरणाचं पुस्तक संपलं, शब्दांच्या दोन वह्या भरल्या, तरी समोरचा बोलायला लागला की काही उमगत नाही. या वयात भाषा येते का, आणि येत असेल तर धरायची कुठून?

येते. मी एकेचाळिसाव्या वर्षी जर्मन सुरू केली आणि तुम्ही अडकलात तिथेच अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

वयाचं आधी मनातून काढून टाका. १९७८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेले इंग्रजी भाषक डच कसे शिकतात, हे त्यात पाहिलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं आणि बारा ते पंधरा वर्षांची मुलं पुढे होती. तीन ते पाच वर्षांची चिमुरडी सगळ्यांत मागे. लहान मुलांची आघाडी दिसते ती पुढे, काही वर्षांनी, आणि सगळ्यांत जास्त उच्चारांत.

आपलं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मोठी माणसं भाषा डोळ्यांनी शिकतात. शब्द कागदावर दिसला की ओळखीचा वाटतो, कानावर पडला की परका. माझ्याकडे दीड मिनिटाचा एक संवाद होता. त्यातलं एक वाक्य मला ‘हाम वीर नोख त्साइट’ असं ऐकू यायचं. ‘हाम’ हा शब्द मी दोन दिवस शब्दकोशात शोधत होते. शेवटी लिखित संवाद उघडला, तर तिथे ‘हाबेन वीर नोख त्साइट’, म्हणजे ‘अजून वेळ आहे का आपल्याकडे?’ चारही शब्द मला पहिल्या महिन्यापासून पाठ होते! बोलण्याच्या ओघात ‘हाबेन’मधला ‘बेन’ ओठांवरच मिटतो आणि ‘हाम’ उरतो. आपणही तेच करतो. पुस्तकात ‘काय करीत आहेस’ वाचलेल्या माणसाला ‘काय करतोयस’ ऐकून काय कळणार?

म्हणून माझा सल्ला एकच आहे, श्रुतलेखन. शाळेत घालायचे तेच. छोटा संवाद घ्या, लिखित पाठ झाकून ठेवा आणि एकेक वाक्य थांबवत ऐकून लिहा. कळलं नाही तर पुन्हा ऐका, दहा वेळा ऐका, आणि तरीही नाही कळलं तर जसं ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवा. आपली लिपी आवाज पकडायला उत्तम आहे, तिचा फायदा घ्या. मग पाठ उघडा आणि जिथे जिथे चुकलात तिथे लाल रेघ मारा. त्या रेघा म्हणजे तुमचा खरा अभ्यासक्रम, कारण तुमचा कान नेमका कुठे फसतो ते दुसरं कुठलंही पुस्तक सांगू शकत नाही. मग तोच संवाद आठवडाभर ऐका आणि ऐकता ऐकता त्याच वेगात मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं इथे उपयोगाचं नाही, जिभेला वळण लागायला हवं. मला पहिल्या संवादाला सहा दिवस लागले, दहाव्याला दोन.

उच्चारांत मराठी तुमच्या बाजूने उभी आहे, हे कुणी फारसं सांगत नाही. जर्मनमधला ‘त्साइट’चा पहिला आवाज म्हणजे आपल्या ‘चांगला’मधला च. ज्या स्वरावर दोन ठिपके असतात तो उ आपल्याकडे नाही, पण जमतो: ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा फक्त ‘ऊ’सारखा चंबू करा. आरशासमोर करून पाहा.

व्याकरणातही तसंच. तीन लिंगं पाहून इतर लोक हबकतात, आपण तीन लिंगांतच वाढलोय. जर्मनमध्ये ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का, असं सगळे विचारतात. शेवटी ‘शेन’ लागून लहानपण दाखवणारा प्रत्येक शब्द तिथे नपुंसकलिंगी असतो. वासरू, कोकरू, लेकरू आठवा, म्हणजे नवल वाटणार नाही. मात्र एकेका शब्दाचं लिंग मराठीवरून ताडू नका. प्रत्येक नाम त्याच्याआधी लागणाऱ्या, लिंग दाखवणाऱ्या ‘डेर, डी, डास’सकट तोंडात बसवा.

वह्यांबद्दल थोडंसं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो. तेव्हा एका बैठकीत पन्नास शब्द घोकण्यापेक्षा दहा शब्द उद्या, तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा आठवून पाहा. आठवून पाहा म्हणजे वही मिटून.

आता वेळेचा हिशेब, कारण तुमच्या प्रश्नात मला निराशा जाणवली. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची जी प्रशिक्षण संस्था आहे, ती इंग्रजी भाषकाला कामकाजापुरती जर्मन यायला सुमारे ३६ आठवडे धरते. तेही पूर्णवेळ, म्हणजे वर्गातलेच साधारण ८०० ते ९०० तास. तुम्ही रोज अर्धा तास दिला असं धरलं, तर आठ महिन्यांत १२० तास होतात. तुम्ही मागे पडलेला नाही आहात, अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहात, एवढंच.

बोलायला सोबत हवीच. आठवड्यातून एकदा, चुका लगेच थांबवून दुरुस्त करणारं कुणीतरी शोधा. नुसतं ‘छान, छान’ म्हणणारा माणूस प्रेमळ असतो, पण तुमचं नुकसान करतो.

व्याकरणाचं पुस्तक टाकून देऊ नका. लाल रेघेपाशी प्रश्न पडला की तेव्हा ते पान उघडा. त्या दिवशी वाचलेला नियम माझ्या तरी डोक्यातून गेलेला नाही. आजच्यासाठी दीड मिनिटाहून मोठा नसलेला, दोनच माणसांचा आणि लिखित पाठ सोबत असलेला संवाद निवडा. पहिल्या दिवशी चार वाक्यं लिहून झाली तरी पुष्कळ आहेत.