स्वतः बांधलेले विमान, पोलिसांची जप्ती आणि चुलतभावाचा हिस्सा

आपल्या पत्राचा आशय असा: वाळवा तालुक्यातील आपल्या शेडमध्ये सहा वर्षे खपून आपण उघड्या कॉकपिटचे, एका आसनाचे बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचे विमान, बांधले, ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या झालेल्या स्वतःच्या रानात ते पळवून पाहिले तेव्हा ते सात-आठ फूट उचलले गेले आणि लगेच उतरले, कोणीतरी त्याचे चित्रीकरण केले, पोलिसांनी पंचनामा करून विमान जप्त केले, आणि इंजिनासाठी ४ लाख रुपये दिलेले आपले चुलतभाऊ आता निम्म्या विमानावर हक्क सांगत आहेत. शेत माझे, विमान माझे, मग गुन्हा कसला, असे आपण विचारता.

सात-आठ फूट म्हणजे उड्डाण नव्हे, हा बचाव मी आपल्याला घेऊ देणार नाही. कायद्याने विमानाची व्याख्या करताना उंची पाहिलेली नाही. हवेच्या प्रतिक्रियेतून आधार मिळवू शकणारे यंत्र ते विमान. वायुयान नियम, १९३७ च्या नियम ५ प्रमाणे नोंदणी नसलेले विमान उडवता येत नाही आणि उडवण्यास मदतही करता येत नाही, त्यामुळे पंखा फिरवून देणाऱ्या आपल्या मित्रालाही वेळीच सावध करावे. शेताच्या मालकीने यातले काहीच बदलत नाही. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ खाली शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, इतकी होऊ शकते.

मात्र या अधिनियमाखालील गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ पोलिसांच्या अहवालावरून घेऊ शकत नाही; त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयासारख्या सक्षम अधिकाऱ्याची तक्रार किंवा लेखी पूर्वमंजुरी लागते. म्हणून प्रथम माहिती अहवालाची प्रत काढून नेमकी कलमे पाहावीत. त्यात भारतीय न्याय संहितेचे कलम १२५, म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारे बेदरकार कृत्य, असेल तर तो गुन्हा जामीनपात्र आहे, आणि त्या वेळी रानात दुसरे कोणी नव्हते हे दाखवता आले तर बचावही चांगला आहे. हजर राहण्याची नोटीस आली तर अवश्य हजर राहावे, पण लेखी जबाब वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नये.

पुढे कायदेशीरपणे उडवायचे असेल तर नोंदणी, उड्डाणयोग्यतेची परवानगी आणि आपला प्रायव्हेट पायलट परवाना, ज्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण आणि वैद्यकीय तपासणी लागते, हे सर्व आधी हवे. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणी २०१७ मध्ये मिळाली, तरी उड्डाणाच्या परवानगीला २०१९ उजाडले. तेवढा धीर धरावा लागेल. आपल्या पत्रातील एका वाक्याने मी अधिक अस्वस्थ झालो: पंखांवर कापड चढवण्यापूर्वी आतील लाकडी जोडांची छायाचित्रे घेतली नाहीत, असे आपण लिहिता. कापडाखाली गेलेला डिंकाचा जोड कोणत्याही तपासनिसाला दिसत नाही. ठिकठिकाणी कापड उसवून जोड दाखवावे लागले तर ते दुःख सोसावे, कारण हवेत त्या जोडांवर भार येणार आहे आणि त्या एकाच आसनावर आपण बसणार आहात. तोवर शेतात धावपट्टीही आखू नये. कायमच्या धावपट्टीला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अकृषिक परवानगीचा प्रश्न येतो. पुढच्या चाचण्यांसाठी कराडच्या धावपट्टीची रीतसर परवानगी मागणे मला अधिक योग्य वाटते.

चुलतभावांनी पैसे दिले एवढ्यावरून ते सहमालक होत नाहीत. ती रक्कम उसनी होती, भेट होती की मालकीतील वाटा, हे त्या वेळच्या संदेशांवरून आणि बँकेतील नोंदींवरून ठरेल. उसनी असेल तर वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणतः ३ वर्षे असते. तरीही त्यांच्याशी आत्ताच लेखी समझोता करावा, कारण जप्त वस्तू सोडवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली आपण अर्ज कराल तेव्हा ताबा मिळण्यास कोण हक्कदार आहे हे दंडाधिकारी पाहतील, आणि चुलतभावांनी हरकत घेतली तर विमान पोलीस ठाण्याच्या आवारातच राहील. त्याच अर्जात, निकाल लागेपर्यंत पंख सोडवून विमान छपराखाली ठेवू द्यावे आणि परवानगीशिवाय ते चालवणार नाही असे हमीपत्र घ्यावे, अशी विनंती करावी. वळवाचे दिवस तोंडावर आहेत आणि भिजलेले लाकूड व कापड न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात द्यावा.