रीळ आधी नाकाला लाव

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्याला सोळा एमएमच्या जुन्या फिल्मच्या रिळासाठी इसार देऊन बसलास आणि आता विचारतोस, "मामा, घेऊ का?" नाद खुळाच आहे तुझा.

तो 'चॅप्लिनचं ओरिजिनल' म्हणतोय. म्हणू दे. चॅप्लिन पडद्यावर आला 1914 साली आणि सोळा एमएम, म्हणजे सोळा मिलिमीटर रुंदीची फिल्म निघाली 1923 ला. तेव्हा त्याचं सुरुवातीचं काम सोळा एमएमवर असेल, तर ती नंतर काढलेली प्रतच. पैसे प्रतीचेच द्यायचे. पण नाक मुरडू नकोस. तिकडं परदेशात लोकांनी घरी पोराबाळांना दाखवायला या छोट्या विनोदी फिल्मांच्या प्रती घेतल्या, म्हणून कितीतरी उरल्या. काही तर तेवढ्यातूनच. आपल्याकडं खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, पण इथल्याच बाबूराव पेंटरांचा 1920 चा मूकपट 'सैरंध्री' बघायचा म्हटलं तर कुठं बघणार?

डबा उघडलास की आधी नाक लाव. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली समज. ती चांगल्या रिळांशेजारी ठेवायची नाही, लागण होते. मी एका पावसाळ्यात तीन रिळं लोखंडी कपाटात कोंडून ठेवली होती. दसऱ्याला काढली तर उन्हात घातलेल्या पापडासारखी कडेनं वळलेली. अजून टाकवत नाहीत. आणि जुनं पस्तीस एमएम दिसलं तर हातच लावू नको. ते नायट्रेटचं, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचं असू शकतं. नायट्रेट पेटलं की पाण्यातसुद्धा जळत राहतं.

दुसरं, वेग. मूकपट साधारण सेकंदाला सोळा ते वीस चौकटींचे, बोलपटाचं मशीन, म्हणजे प्रोजेक्टर, चोवीसचं. म्हणून माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. त्यातही घोळ असा, की विनोदी फिल्मवाले मुद्दाम हळू कॅमेरा फिरवून पळापळ वाढवायचे. मग खरा वेग ओळखायचा कसा? मी माणसाकडं बघत नाही, धुळीकडं बघतो. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याच्या 1928 च्या फिल्ममध्ये घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा म्हणून वाचतो. भिंत खरीच होती. ती आपटल्यावर धूळ कशी उठते, कशी बसते, हे दोन-तीन वेगांवर लावून बघ. डोळ्याला कळतं.

रविवारी रीळ घेऊन ये. मशीन लावायचं नाही, आधी हातानं उलगडू. फिल्मच्या कडेची भोकं किती फाटलीत आणि जोड किती आहेत ते मोजू, मग भंगारवाल्याशी भाव मी बोलतो.

तुझा मामा