वाचकांचे प्रश्न : पंपावरचे कैदी

प्रश्न : माझ्या सातवीतल्या नातवाने वक्तृत्व स्पर्धेसाठी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन जॉन पॉल जोन्स निवडला. ‘शरण येतोस का?’ असं शत्रूने विचारल्यावर त्याने ‘मी अजून लढायला सुरुवातच केलेली नाही’ असं उत्तर दिलं, या वाक्याला टाळ्या पडल्या. नंतर एक परीक्षक म्हणाले, ते वाक्य त्याचं नाहीच, आणि तो तर चाचा होता! पोरगं दोन दिवस गप्प गप्प जेवतंय. खरं काय समजायचं?
— एक निवृत्त शिक्षिका, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : नमस्कार बाई. वाक्याबद्दलची शंका रास्त आहे. ते सांगितलं जोन्सच्या हाताखालच्या रिचर्ड डेलने, आणि छापून आलं १८२५ मध्ये, लढाईनंतर ४६ वर्षांनी. जोन्सने स्वतःच्या अहवालात एवढंच लिहिलंय की आपण ठाम नकार दिला. इतक्या वर्षांत वाक्याला थोडी कल्हई चढणारच.

पण मला विचाराल तर टाळ्या दुसरीकडेच पडायला हव्या होत्या. मी जन्मभर मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबलेला माणूस. आता जुळे सोलापुरात बसून हे सदर लिहितो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याने जाताना फ्लॅम्बरो हेडचे पांढरेशुभ्र कडे मी डेकवरून पाहिलेत. २३ सप्टेंबर १७७९ च्या संध्याकाळी लढाई जुंपली ती तिथल्याच पाण्यात. जोन्सचं ‘बॉनॉम रिशार’ म्हणजे फ्रान्सकडून मिळालेलं जुनं व्यापारी जहाज, तोफा बसवून लढाऊ केलेलं. समोर ब्रिटिशांचं कोरं करकरीत ‘सेरापिस’. जोन्सच्या जुन्या जड तोफांपैकी दोन तर सुरुवातीलाच फुटल्या आणि आपलीच माणसं मेली. तोफांच्या मारामारीत निभाव लागणार नाही हे ओळखून त्याने दोन्ही जहाजं दोरांनी एकमेकांना जखडून टाकली. त्यातच त्याच्याच ताफ्यातल्या ‘अलायन्स’ने येऊन दोघांवरही गोळे झाडले. शत्रू परवडला, पण असे मित्र नकोत.

आता खरी गोष्ट ऐका. जहाजाच्या पोटात पाच फूट पाणी चढलं होतं. बाई, आपल्याकडे नळाला पाणी यायच्या दिवशी काठोकाठ भरलेला हौद आठवा, आणि तो जहाजाच्या तळाशी आहे असं समजा. खाली आधी पकडलेले शंभराच्या आसपास ब्रिटिश कैदी होते. गोंधळात कोणीतरी त्यांना मोकळं सोडलं. ते उलटले असते तर खेळ तिथेच खलास. डेलने त्यांनाच पंपांवर जुंपलं! उपसलं नाही तर सगळेच बुडणार, एवढं गणित कैद्यांनाही कळत होतं. वर शिडाच्या काठीवर चढलेल्या एका खलाशाने हातबॉम्ब नेमका सेरापिसच्या झाकणातून आत टाकला, खालची दारू पेटली, आणि लढाई जुंपल्यापासून साडेतीनेक तासांनी सेरापिसच्या कॅप्टन पिअर्सनने आपलं निशाण उतरवलं, म्हणजे शरणागती पत्करली. जोन्सचं जहाज मात्र दोन दिवसांनी बुडालंच. तो शत्रूच्या जहाजावर बसून गेला. मी पंपांवर हात काळे केलेला माणूस आहे, म्हणून सांगतो, ही लढाई वाक्याने नाही, उपशाने तगली.

चाचेपणाचं म्हणाल, तर कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणायचे. जोन्स जन्माने स्कॉटिश, एका माळ्याचा मुलगा. ब्रिटिशांच्या लेखी तो फितूरही होता. १७७८ मध्ये त्याच्या माणसांनी सेलकर्कच्या उमरावाच्या घरातली चांदीची भांडी उचलली, तर याने पुढे ती स्वतःच्या पैशाने विकत घेऊन परत पाठवली. पण त्याला देवही करू नका. तरुणपणी तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होता, पुढे ते काम त्याने सोडलं. १७७३ मध्ये टोबॅगोत बंड करणारा एक खलाशी त्याच्या हातून मारला गेला, तेव्हा तो पळाला. मूळ नाव नुसतं जॉन पॉल. ‘जोन्स’ ही जोड त्यानंतरची.

पुढे रशियाच्या कॅथरीन राणीच्या आरमारात काही काळ काढून १८ जुलै १७९२ रोजी तो पॅरिसमध्ये वारला, अवघ्या ४५ व्या वर्षी. परक्या प्रोटेस्टंटांच्या दफनभूमीत पुरला गेला आणि वर शहर वाढत गेलं. अमेरिकेचे राजदूत होरेस पोर्टर यांनी १९०५ मध्ये खणून शिशाची पेटी शोधून काढली. आत दारूचा अर्क भरलेला, त्यामुळे चेहरा ओळखू येईल इतका टिकलेला. शिल्पकार उदाँ याने जिवंतपणी घडवलेल्या अर्धपुतळ्याशी मापं ताडून खात्री केली. आता तो ॲनापोलिसला, अमेरिकन नौदलाच्या अकादमीत विसावलाय.

नातवाला सांगा, पुढच्या वेळी ते वाक्य ‘असं डेल सांगतो’ म्हणून घे आणि लगेच पंपावर ये. परीक्षक पुन्हा तेच असतील, तर कैदी किती होते हेही विचारतील. ‘शंभराच्या आसपास’ म्हण म्हणावं.