'नशिबात होतं ते झालं' असं आपण म्हणावं का? रूथला पत्र

प्रिय रूथ,

परवा तू व्हॉट्सअॅपवर विचारलंस की आजी रोज बायबल वाचते, रविवारची उपासना चुकवत नाही, मग तिच्या तोंडात सारखं 'नशिबात होतं ते झालं', 'कुणाची दृष्ट लागली', 'राम राम' हे कसं काय. आणि तुझ्या बायबल स्टडीतली मैत्रीण म्हणते की हे सगळं सोडून द्यायला हवं, तर ते खरं का. मेसेजमध्ये लिहायला घेतलं पण लांबतच गेलं, म्हणून आता नीट बसून लिहितोय.

सगळं एका फटक्यात टाकून द्यायचं नाही बाळा. आपण ख्रिस्ती आहोत आणि मराठी पण आहोत, दोन्ही पूर्ण आहोत. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट फादरने गोव्यात येशूची कथा मराठी ओव्यांमध्ये लिहिली, ख्रिस्तपुराण, ते १६१६ मध्ये छापलं गेलं आणि त्यात स्वर्गाला तो खुशाल वैकुंठ म्हणतो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना काही सोडलं नाही, उलट तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. मग गावाकडे कुणी म्हातारे आजोबा 'राम राम' म्हणाले तर आपण तोंड फिरवायचं का? अजिबात नाही. तो माणूस प्रेमाने तुझी दखल घेतोय, तूही हात जोडून त्याला उत्तर दे.

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' या म्हणीत हरी आहे म्हणूनही दचकायचं कारण नाही. ती म्हण आयतं खाणाऱ्याला टोचते आणि बायबलमध्ये प्रेषित पौलानेही थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला तेच लिहिलंय, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं, हे तर मला इतकं आवडतं की तुझ्या मुलांनाही शिकव.

म्हणजे म्हणीत कुठल्या देवाचं नाव आलंय हे मी बघत नाही. ती म्हण कुणाला लागते, कुणाच्या डोक्यावर दोष ठेवते, ते बघतो. आणि इथे मात्र मी अडून बसतो. 'गेल्या जन्मीचं पाप', 'आपले भोग, दुसरं काय', 'पांढऱ्या पायाची' ही बोलणी आपल्या घरात नकोत. पांढऱ्या पायाची म्हणजे जिच्या येण्याने घरात वाईट झालं अशी सून. नवरा आजारपणाने गेला तरी दोष तिच्या पायांचा! पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात हेच लिहिलंय, की विधवा होणं ही मागच्या जन्मातल्या पापाची शिक्षा समजतात, आणि आठ-दहा वर्षांच्या पोरींनासुद्धा ती भोगायला लावतात. अशाच मुली-बायकांसाठी त्यांनी आधी शारदा सदन काढलं आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन.

आपल्या नगरकडचंही तेच. अमेरिकन मिशन तिथे १८३१ मध्ये आलं, नंतर जी मंडळी वाढली त्यातले खूप जण महार-मांग वस्तीतले होते, आणि त्यांना पिढ्यानपिढ्या ऐकवलेलं होतं की तुमचा हा जन्म तुमच्याच जुन्या कर्माचं फळ आहे, गप सोसा. आता बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. ज्यांना आयुष्यभर 'तुमचंच पाप' ऐकवलं गेलं त्यांच्या कानावर हे पहिल्यांदा पडलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, विचार कर.

पण तुझ्या मैत्रिणीला हेही सांग, की हेच बोलणं ख्रिस्ती कपडे घालून चर्चमध्येही येतं. कॅन्सरच्या पेशंटला 'तुझा विश्वास कमी पडला', मूल गेलेल्या आईला 'देवाने काहीतरी शिकवण्यासाठीच केलं असेल'. बायबलमधल्या ईयोबावर दोष नसताना संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र असंच बोलत होते आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. मला तर हे 'राम राम' पेक्षा शंभरपट वाईट वाटतं.

राहिलं आजीचं नशीब. आपल्याकडे समजूत अशी की बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर सगळं लिहून जाते, म्हणून कागद-लेखणीही ठेवतात, आणि एकदा लिहिलं की खोडता येत नाही. हे मी मानत नाही. बायबलमधल्या हिज्कीया राजाला तर संदेष्ट्यानेच येऊन सांगितलेलं की तू आता मरणार, तो भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली, आणि देवाने त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं. आपला देव ऐकतो ग, त्याच्याशी बोलता येतं, भांडताही येतं, स्तोत्रं वाच म्हणजे कळेल. पण आजी जेव्हा 'नशीब' म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ती दमलेली असते एवढंच. तिला धडा शिकवायला जाऊ नको, तिच्यासोबत प्रार्थना कर.

दृष्टीचं सोपं आहे, मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या नाहीत कारण आपण त्या भीतीत राहत नाही, पण शेजारच्या काकूंनी मायेने तुझ्यावरून बोटं मोडली तर हात झटकू नको.

आणि एक, हे तुझ्यासाठी. दर दोन वाक्यांनंतर तुझं 'आईशप्पथ' येतं ते कमी कर. येशूने शपथच वाहू नका असं सांगितलंय, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या (मत्तय ५). तू खरं बोलतेस हे मम्मीला शपथेशिवायही माहीत आहे.

मैत्रीण काय म्हणाली ते कळव. तिला पटलं नाही तर रविवारी कॉलवर तिलाही घे, बोलू.

तुझा,
पप्पा